दोराला साबणाचा वास

निमोणे,
बुधवार

प्रिय रश्मी,

तुझी बॅग पोचली. तुमच्या चढाईच्या क्लबमधल्या आयुषनं गेल्या रविवारी ती आणून ओट्यावर ठेवली आणि आत यायच्या आधीच म्हणाला, "ताई, मला काय विचारू नका, मी नुसता हमाल." मग दोन कप चहा घेऊन तासभर बसला. आईनं एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडली. तुझा कमरेचा पट्टा, त्या खटखट उघडणाऱ्या कड्या, खडूच्या भुकटीची पिशवी, आणि ते चिमुकले बूट, ज्यांच्यात तुझे पाय मावतात कसे याचं आईला कायम नवल. प्रत्येक वस्तू तिनं पदरानं पुसली. तळाशी तुझी चिठ्ठी होती. आईचा चष्मा सापडेना म्हणून मीच मोठ्यानं वाचली. हे सामान तुमच्याकडं राहू दे, ज्या हातांतून तुमचा संघर्ष गेला त्या हातांनी मी आता दोर धरणार नाही, आणि येत्या रविवारी त्याच्या वर्षाच्या कार्यक्रमालाही मला बोलावू नका, असं तू लिहिलंस. वाचून दाखवताना मी हातांचं वाक्य गाळलं.

वर्षभर तू आली नाहीस आणि मीही तुला फोन केला नाही. इकडं रडारड चालली असेल असं तुला वाटत असेल तर तसं काही नाही गं. मी सव्वासहाच्या बसनं रांजणगावला कंपनीत जाते. दिवसभर दिव्याखाली धरून लोखंडी माल तपासते, बारीक तडा दिसला की तो नग लाल खोक्यात. वर्षात माझ्या हातून एक तडा सुटला नाही. मार्चमध्ये सुपरवायझरनं सगळ्यांसमोर माझ्या नजरेचं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या, अशा वेळी हसायचं असतं म्हणून मी हसले. घरी येते, भाकरी करते, आईला गोळ्या देते. जेवण जातं. झोपही लागते, त्याचीच मला लाज वाटते. आमच्या शेजारची साखरबाई बायकांत म्हणाली म्हणे, "पोरगी दगडाची हाय, डोळ्यातनं टिपूस न्हाई." खोटं नाही ती बोलली. मला आत काही होतच नाही. हात बधिर झाल्यावर चिमटा घेऊन बघावा तसं मी मधून मधून त्याचं नाव मनात घेऊन बघते.

तुम्ही क्लबवाले माझ्या भावाला कडे चढणारा म्हणून ओळखता, पण तो शिकला विहिरीत. आमचे वडील, आबा, विहिरी खोदायच्या कामावर होते. संघर्ष नऊ वर्षांचा असताना आबांची तंबाखूची डबी विहिरीत पडली, म्हणून हा दगडांच्या फटीत बोटं घालून खाली गेला आणि डबी दातात धरून वर आला. आबांनी आधी त्याच्या थोबाडीत दिली, मग अख्ख्या आळीला डबी दाखवत फिरले. पुढं कुणाची बादली, कुणाचा फुटबॉल, एकदा तर सरपंचांच्या सुनेचा मोबाईल, सगळं काढायला यालाच हाक. गावच्या मोठ्या विहिरीच्या काठाशी आमच्या आज्ज्याला उभं राहावं लागायचं. वरच्या आळीतलं कुणी येऊन घागरीत ओतेल तेव्हा पाणी. शिवायची सोय नव्हती. त्याच विहिरीच्या तळाला संघर्ष पन्नासदा जाऊन आला असेल. आई म्हणायची, "आज्ज्याची सगळी तहान ह्यो एकटाच भागवतोय." तो हसायचा नुसता. त्याला त्यात काही मोठं वाटायचं नाही, मला मात्र वाटायचं, आणि ते वाटणंच पुढं मला नडलं.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? तू दौंडहून गाडीनं केडगावला उतरलीस आणि हा मोटरसायकलवर तुला घेऊन आला, दोघंही धुळीनं पांढरे. त्याआधी महिनाभर घरात तुझंच नाव होतं. "ताई, दौंडच्या रेल्वेवाल्याची पोरगी हाय एक. दोर असा धरती की वर मला डुलकी लागंल." आईच्या डोक्यात लगेच चक्र सुरू. तिनं भाजीत खोबरं जास्त घातलं आणि तुला तीन वेळा वाढलं. तू गेल्यावर तिनं त्याला सरळच विचारलं. तो म्हणाला, "आई, जिच्या हातात आपला दोर तिच्याशी भांडून चालत न्हाई. लग्न केलं तर भांडावं लागंल." आईनं त्याला लाटणं फेकून मारलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आता विचारतही नाही. पण चढायच्या आधी तू त्याची गाठ तपासायचीस आणि तो तुझी, तसं आमच्या घरात कुणी कुणाला कधी तपासलं नाही. आम्ही नुसतं धरून चालतो.

जुन्नरकडच्या त्या सुळक्यावर काय झालं ते मी तुमच्या लोकांच्या तोंडून ऐकलं. तो पुढं चढत होता, खाली दोर तुझ्या हातात. त्याचा पाय सटकला, आठ-दहा फुटांचं पडणं, तुमच्यात रोजचंच म्हणे. दोरानं त्याला झेलायचं होतं. दोर ताणला आणि तुटला, आणि तुझ्या हातात हलका झालेला दोर आला. पुढं क्लबची बैठक झाली, तिला आमच्याकडून मी आले होते. दोर कातळाच्या धारेवर घासला असावा, खालून वेळेवर लक्ष गेलं असतं तर धार टळली असती, असं एका जाणत्या माणसानं मोजून मापून सांगितलं. सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तू मान खाली घालून म्हणालीस, "असेल. माझं लक्ष ढळलं असेल." आयुष एकटा म्हणत होता की तिथं धारच नव्हती, पण तुझा मित्र म्हणून त्याचं कुणी ऐकलं नाही. मी तुझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते. उठून तुझ्याजवळ यावं असं मला वाटलं होतं. आले नाही.

आता त्याच्या आधीच्या आठवड्याचं सांगते. संघर्ष शाळेच्या पोरांचं शिबिर घ्यायला दहा दिवस बाहेर होता. त्या दिवसांत गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरीचा जुना कासरा कुजून तुटला आणि मोटर विहिरीत गेली. तीच मोठी विहीर. दोन दिवस गावाला पाणी नाही. साखरबाईचा नवरा रोहिदास पाणी सोडायच्या कामावर आहे, लोक त्याला येता-जाता बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी साखरबाई आमच्या दारात आली. "दीक्षे, संघर्षचा त्यो निळा दोर दे की गं. तेवढा दणकट दोर साऱ्या गावात न्हाई." शिबिराला क्लबचे दोर असायचे, म्हणून तो दोर घरीच खुंटीला होता. त्याला हात लावायचा नाही, कपडेसुद्धा वाळत घालायचे नाहीत, हे त्यानं मला शंभरदा बजावलं होतं. साखरबाईला मी एवढं म्हणू शकले असते की तो त्याचा जीव आहे. पण आज्ज्याला जिथं शिवू देत नव्हते तिथली मोटर आपल्या घरच्या दोरानं वर येणार, हे माझ्या डोक्यात शिरलं. मी नुसता दिला नाही, स्वतः खांद्यावर टाकून घेऊन गेले. रोहिदासनं बुडी मारून बांधला, बारा माणसांनी ओढला, मोटर वर आली. कुणीतरी म्हणालं, दीक्षाच्या घरच्या दोरानं पाणी पाजलं. रश्मी, मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दोर चिखलानं आणि वंगणानं माखला होता. मी तो साबणाच्या पाण्यात दोनदा धुतला. बाहेर वाळत घातला तर येणारा-जाणारा विषय काढील आणि आल्या आल्या त्याच्या कानावर जाईल, म्हणून मधल्या खोलीत कपाटामागं टॉवेल अंथरून त्यावर पसरला. आठवडाभर तिथंच होता. नंतर तो घालायचा तसं वेटोळं घालायला तीन वेळा सोडून बांधला आणि खुंटीला लावला. शुक्रवारी उशिरा संघर्ष आला, जेवला, आडवा झाला. शनिवारी उजाडताना ओट्यावर बसून त्यानं सगळा दोर बोटांतून ओढून पाहिला, नेहमीसारखा, हात-हातभर करून. मधे थांबला. नाकाला लावला. "ताई, ह्याला साबणाचा वास येतोय. कुणी हात लावला व्हता का?" मी चुलीपाशी होते. मी म्हणाले, "न्हाई." त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "माझ्याच अंगाचा आसंल, आज आंघोळ केलीय ना," आणि हसला. मी त्याला डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली. केडगावला तुला घ्यायचं म्हणून घाईत होता, चहा अर्धा ठेवून गेला. तो अर्धा कप मी पिऊन टाकला, वाया कशाला घालवायचा म्हणून.

एवढ्यावरच असतं तर मी गप्प बसून निभावलं असतं, कारण दोर धुतल्यानं तुटत नाही हे मलाही कळतं. पण कपाटामागं आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी आहे, जुनी, टोपणातून पाणी पाझरणारी. त्याला जाऊन महिना झाल्यावर मी तिथला टॉवेल ओढला तर तो पापडासारखा तुटून हातात आला. तेव्हाच मला कळलं होतं. कळलं नाही असं अकरा महिने मी स्वतःला सांगितलं, आणि तुझ्याकडं बोट दाखवणारी माणसं मला सोयीची वाटली, हे लिहिताना माझा हात थांबत नाही याचं मला आश्चर्य वाटतंय. गेल्या रविवारी तुझी चिठ्ठी वाचून झाल्यावर मी आयुषला, सहज विचारल्यासारखं, दोर कशानं खराब होतो म्हणून विचारलं. तो चहा फुंकत म्हणाला, "ऊन, धार, आन् बॅटरीचं पाणी. त्याचा थेंब जरी लागला तरी दोर टाकून द्यायचा ताई, वरनं काय बी दिसत न्हाई." त्यानं परत चहा फुंकला. म्हणून हे पत्र. तुझ्या हातांतून तो गेला नाही. मी चुलीपाशी "न्हाई" म्हणाले तिथंच तो गेला होता. खरं सांगितलं असतं तर माझ्यावर दोन दिवस चिडला असता, दोर फेकला असता, आणि आज जिवंत असता. उद्या आयुष येतोय, त्याच्याबरोबर तुझी बॅग परत पाठवते. पोलिसांनी दिलेला तुटका दोर आणि त्या टॉवेलचं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तळाशी ठेवलंय. क्लबच्या लोकांना दाखव, हे पत्रही दाखव. आईला मी शनिवारी सांगणार आहे आणि रविवारी बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांसमोर. साखरबाईचा यात काही दोष नाही, तेही सांगेन. तू रविवारी ये. मला माफ करायला येऊ नकोस. कुणीतरी आईजवळ बसायला पाहिजे, आणि माझं बसणं तिला चालेल की नाही, मला सांगता येत नाही. अकरा पन्नासची गाडी केडगावला थांबते. आयुष मोटरसायकल घेऊन उभा असेल.

तू म्हणशील तर तुझीच,
दीक्षाताई