सतरा-चारच्या सात मिरच्या

सौंसर,
९ फेब्रुवारी १९५९

आदरणीय रघुनाथराव यांस,

मोरेश्वरचा नमस्कार. तुमचं पत्र संक्रांतीच्या आधीच मिळालं होतं, उत्तराला मी महिना लावला. रागावला असाल. रागवा, तुमचा हक्क आहे. चिमटा बोटात कसा धरायचा इथपासून तुम्ही मला शिकवलंत.

तिकडे अकोल्याला तुम्हाला मिरचीसाठी अर्धा एकर मिळाला, हे वाचून बरं वाटलं. राज्यं वेगळी झाली, तुम्ही तिकडे गेलात आणि मी इकडे राहिलो, तेव्हाच मला वाटलं होतं की हे काम आता बुडणार. इथे तर ते बुडालंच. आपल्या मिरचीच्या तुकड्यात संत्र्याची कलमं लागली आहेत. नवे साहेब भले गृहस्थ आहेत, मला 'मोरेश्वरजी' म्हणतात, पण मिरचीचं नाव काढलं की हात जोडतात. "अरे भाई, मिर्च तो सब खाते हैं, उसमें खोज क्या करनी?"

ज्या झाडाबद्दल मी कळवलं होतं त्याच्या पहिल्या तोड्याच्या बावीस मिरच्यांचं पार्सल जुन्या ऑफिसने 'हे काम आता आमच्याकडे नाही' असं लिहून परत केलं. मग नव्या ऑफिसला पाठवलं, तर त्याची पोचसुद्धा नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत झाली.

या साली बुरशीने तालुका धुऊन नेला. सौंसरपासून तिगावपर्यंत एकच तऱ्हा. मिरची लाल व्हायला लागली की काळा डाग, मग सड, मग नुसतं टरफल. लोक नागपूरहून तिखटाची पूड आणतात. आपल्या ओळीही सगळ्या गेल्या. सतराव्या ओळीतलं चौथं झाड तेवढं उभं राहिलं, अंगावर दीडशेच्या वर फळं आणि एकालाही डाग नाही. सहा वर्षं आपण ज्याची वाट पाहिली ते हेच. पण हे मी तुम्हाला आधीच कळवलं आहे, उगाच परत लिहितो आहे.

बी पाठवायला जरा वेळ लागेल. थोडं उगवण पाहायला उद्या कुंडीत टाकतो.

घरी सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, ते नेहमीचंच. रजनीचा नमस्कार.

तुमचा
मोरेश्वर


सौंसर,
२ मार्च १९५९

रघुनाथराव,

तुमचं पत्र घरी आणि निळी रिबीन पार्सलने फार्मवर, दोन्ही पोचलं. रिबीन मी रजनीला दाखवली नाही. फार्मवरच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बी पाठवायला वेळ लागणार नाही, कारण पाठवायला बीच नाही. वाफ्यावर नांगर फिरवायचा हुकूम आला तेव्हा सतरा-चारवर सातच मिरच्या पिकलेल्या होत्या, बाकी सगळ्या हिरव्या. सात तोडून घेतल्या आणि तुमच्या नियमाप्रमाणे बी फळातच राहू दिलं. देठासकट मलमलच्या पिशवीत घातल्या आणि स्वयंपाकघरात आढ्याला टांगल्या. आपण कळीतले पुंकेसर काढून तिच्यावर बांधायचो त्याच मलमलची पिशवी. तुम्हाला आठवत असेल, ते पाहून उर्मिला म्हणायची, "बाबा मिरचीले टोपडं घालून राहिले."

उर्मिला चोवीस जानेवारीला गेली. लिहायला इतके दिवस लागले, आणि लिहिलं तर एका ओळीत मावलं.

संक्रांतीनंतर रविवारी तिचं बोरन्हाण केलं होतं. चार वर्षांची झाली, हे शेवटचंच. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. आळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. देवकाबाई म्हणाल्या, "बाई बाई, पोरगी आहे की बाहुली!" झालं, आईच्या मनात ते बसलं. मंगळवारी अंग तापलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, न्यूमोनिया म्हणाले, सुई दिली. दुसऱ्या दिवशी परत दिली.

आई मंगळवारी संध्याकाळीच माझ्यापुढे उभी राहिली. "मोरू, दृष्ट काढाची आहे. मीठ-मोहरी घरात आहे, पण सात मिरच्या पायजे, अख्ख्या, देठाच्या, डाग नसलेल्या. साऱ्या आळीत कोनाच्याच घरी नाही. तुह्या त्या थैलीत हायेत."

मी नाही म्हटलं.

त्यावर मी भाषणही दिलं, रघुनाथराव. ताप जंतूंनी येतो, मिरची जाळून जंतू मरत नाहीत. तुम्ही शेतकऱ्यांना समजावून सांगायचात त्याच आवाजात. आई म्हणाली, "बरं बाप्पा, तू शिकलेला." बुधवारी तिने पुन्हा मागितल्या आणि मी पुन्हा नाही म्हटलं. उर्मिलेच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवता ठेवता रजनीने एकदा आढ्याकडे पाहिलं, एवढंच. तालुकाभर सडलेल्या मिरच्यांत एक झाड बिनडागाचं निघावं म्हणून आपण सहा वर्षं खपलो, आणि ते निघालं म्हणूनच गावात डाग नसलेली मिरची माझ्या एकट्याच्या घरात होती.

गुरुवारी दुपारी उर्मिला मला ओळखेना. मी स्टुलावर चढलो, पिशवी काढली आणि आईच्या हातात दिली.

आता जे लिहितो ते आई-रजनीला माहीत नाही. पिशवी देण्याआधी मी ती घेऊन परसात गेलो होतो. खिशात चाकू होता. एका मिरचीला पोटाशी बारीक चीर दिली असती तर चाळीस-पन्नास बिया निघाल्या असत्या, आणि आईच्या म्हाताऱ्या डोळ्यांना चीर दिसलीही नसती. कोणाही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी चाकू उघडला आणि मिटला. मला वाटलं, देवाला फसवलं तर उतारा लागू पडणार नाही. तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढलेल्या माणसाला असं वाटलं. लाज वाटते म्हणू, तर त्या वेळी वाटली नव्हती.

आईने सातही मिरच्या मिठा-मोहरीसकट उर्मिलेवरून ओवाळून शेगडीत टाकल्या. तुम्हाला ठाऊक आहे, दृष्ट लागलेली असली तर मिरची जळूनही ठसका लागत नाही. पण आपल्या मिरच्या तिखटाला कमी नव्हत्या. घरभर ठसका उठला. आई खोकली, रजनी खोकली, मी खोकलो. उर्मिलेला सगळ्यांत जास्त खोकला आला, तिला श्वास घेता येईना, रजनी तिला उचलून अंगणात घेऊन गेली. आई निखाऱ्याकडे पाहत म्हणाली, "दृष्ट नव्हती रे."

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या. शनिवारी पहिल्या मोटारीने निघालो. बोरगाव मागे पडलं आणि रजनीने कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. मी विचारलं, का? ती म्हणाली, "आता कुठी जाता?"

त्या धुराने तिची छाती आणखी बिघडली का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. तुम्हीही मला काही सांगू नका. दोन दिवस आधी दिल्या असत्या तर वाचली असती, असं आईला वाटतं. दिल्याच नसत्या तर वाचली असती, असं मला वाटतं. दोन्हीकडून दोष माझाच येतो.

अजून एक राहिलं, ते लिहिल्याशिवाय हे पत्र टाकता येणार नाही. घाटावरून परत आलो. सुतकाचं घर, चूल पेटलेली नव्हती, शेगडीतली राख गुरुवारची तशीच होती. मी खाली बसलो आणि बोटांनी ती राख चाळायला लागलो. अकरा बिया सापडल्या, काही अर्ध्या जळलेल्या, काही नुसत्या काळवंडलेल्या. अजून अंगावरचे कपडे ओले होते, आणि मी बिया मोजत होतो. मान वर केली तर दारात रजनी उभी.

"सापडल्या?" तिने विचारलं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढते, पण भाजीत तिखट घालत नाही. आम्ही तिघं ते आळणी अन्न गिळतो आणि उठतो.

त्या अकरा बिया मी कुंडीत पेरल्या. मिरची दहा दिवसांत उगवते, हे मी तुम्हाला काय सांगावं? आज विसावा दिवस. काल माती उकरून पाहिली, तर बिया कुजल्या होत्या, वर पांढरी बुरशी.

तुमचा अर्धा एकर रिकामा ठेवू नका, दुसरं काही लावा. नोंदवही रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. सतरा-चारपुढे काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, मला सुचत नाही. पुन्हा कळ्या धरून काम करायला माझा हात आता चालणार नाही.

एवढं एक करा. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'चि. उर्मिलेस अनेक आशीर्वाद' अशी ओळ असते. ती आता लिहू नका. टपाल रजनी घेते, आणि पत्र शेवटाकडूनच वाचते.

तुमचा अपराधी
मोरेश्वर