बाजाराच्या नकाशातली कोरी जागा

४ जानेवारी
समितीत नाव गेलं. माझं. शाळेच्या हॉलमध्ये मनपाची मीटिंग होती. जुनी बाजारपेठ सुधारायचीय, सरकारी निधी आलाय, आणि या वेळी आराखडा साहेब नाही, पेठेतले लोकच करणार म्हणे. समितीत बाई पाहिजे, तर एकही हात वर करेना. माझ्या शेजारच्या दुकानातली झुबेदाखाला मागून ओरडली, "रत्नाला घ्या. तिला बोलायची लाज न्हाय." सगळे हसले. झालं.
माझा नवरा मिलिंद म्हणाला, "युनिफॉर्म शिवायचे सोडून आता बाजार शिवणार काय?" आणि गोदामात सेकंड शिफ्टला गेला. मला मात्र बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

१३ जाने.
पेठेत फिरलो. ठाण्याहून अदिती येते, आर्किटेक्ट, पोरसवदा, पण ऐकून घेते. दुकानदारांना विचारलं काय हवं? टेम्पोंचा त्रास, पार्किंग, पुन्हा टेम्पो. बायकांना विचारलं तर एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. शेवटी सुनीता बोलली. (नवरा पॉवरलूमवर कामाला, ती माझ्याकडे काजं-बटणं करते.) "दीदी, बाज़ार आना हो तो हम सुबह से पानी नहीं पीते." मग सगळ्या एकदम सुरू. भर पेठेत बायकांना जायला जागा नाही. माझ्या दुकानाला साधी मोरीसुद्धा नाही. इतकी वर्षं मी खालाच्या घरात जाते, मागच्या दाराने. तिचं पुढे सुताचं दुकान, मागे घर. ती होती म्हणून निभावलं.

२८ जाने.
मोठा नकाशा जमिनीवर अंथरला. ज्याला जे हवं त्याचा रंगीत कागद चिकटवायचा. दिवसा टेम्पो बंद. झाडाखाली बाक. बायकांच्या स्वच्छतागृहाचा गुलाबी कागद सुनीतानेच लावला, पुरुषांच्या मुतारीला लागून. टाळ्या.
भाजी शेडमागची मनपाची मोकळी जागा नकाशात कोरीच. अदितीला म्हटलं, इथे काय? "ती धरायची नाही ताई. वरून सांगितलंय." वरून म्हणजे कोण ते आख्ख्या पेठेला माहीत. तिथे कोणत्या पुढाऱ्याच्या गाड्या लागतात ते दिसतंच की. सगळे दुसरीकडे कागद चिकटवायला लागले.

९ फेब्रु.
पक्का आराखडा आला. मुतारीजवळ ड्रेनेज लाइनची अडचण, म्हणून गुलाबी चौकोन सरकवलाय. कोपऱ्यावर. खालाच्या दुकानावर. दुकान आणि पुढचा ओटा जाणार, मागचं घर राहणार. आणि खालाचं दुकान गेलं की कोपऱ्याचं दुकान कोणाचं? माझं.
दोनदा बघितला नकाशा.

१० फेब्रु.
खालाचा मुलगा इक्बाल सकाळीच दारात. आत आला नाही. "कोपरा पाहिजे होता तर मागायचा रत्नाताई. नकाशा कशाला काढला?" मी अरे ऐक तरी म्हणेपर्यंत गेला.
दुपारी सवयीने खालाच्या मागच्या दाराशी गेले. हात कडीपर्यंत नेला आणि परत फिरले. शटर ओढलं, रिक्षा केली, घरी जाऊन आले.

१७ फेब्रु.
मनपात साहेबांना भेटले. म्हटलं, हे आम्ही नाही ठरवलं. "असं कसं ताई? आराखडा तुमचाच." त्या मोकळ्या जागेचं विचारलं. "जे आपल्या हातात आहे त्यावर बोलू या." मार्चअखेर मंजूर झाला नाही तर निधी परत जाणार. मग ना बाक, ना स्वच्छतागृह, आणि बायकांना मी काय सांगणार? म्हटलं, राजीनामा देते. साहेब हसले. "द्या ना. पण लोक म्हणतील, कोपरा पदरात पाडून बाई पळाली."
वर चहा पाजला. प्यायले मी तो.

२१ फेब्रु.
फ्लेक्स लागला. 'लोकांची पेठ, लोकांनी आखली.' माझा हात जोडलेला फोटो, माणसाएवढा. लावला कुठे, तर खालाच्या भिंतीवर! इक्बाल शटर उघडतो तेव्हा डोक्यावर मी. काढा म्हणून फोन केला. "मंजुरीची सभा होईपर्यंत राहू द्या, ताई."

रवि.
शेलार गावात दादाकडे गेले. म्हटलं एक दिवस तरी कोणी विचारणार नाही. चप्पल काढते तोच दादा, "तुझा फोटू बघला गो पेठेत. मोठी झालीस. आपल्या घरातलं कोण लागलं होतं असं भिंतीवर?" वहिनीने शेजारणींना बोलावून मला दाखवलं. जेवण गेलं नाही. संध्याकाळच्या आत परत.
मि. म्हणतो, "तू काय चोरी केलीस? गप्प बस, होईल ते होईल." होईल ते खालाचं होईल.

२ मार्च
खाला स्वतः आली. स्टुलावर बसली, आधी गुडघे चोळले. मी मशीन थांबवली.
"दार विसरलीस काय गो?"
मी सुईतला दोरा तोडला.
"इक्बालचं सोड. त्याचं डोकं फिरलंय. तू सभेत हात वर कर."
"खाला, तुमचं दुकान जाईल."
"आणि न्हाय केलास तर? निधी गेला तर बाजार काय बोलेल? म्हातारीने बायकांची मोरी अडवली. आम्हाला हितंच राहायचं हाय. दुकान गेलं तर घर तरी राहील. तोंड गेलं तर काय राहील?"
म्हणजे तीही अडकली. मला वाटत होतं मी एकटीच.
जाताना म्हणाली, "आणि ये घरात. पोट दुखेल." तिच्या मागोमागच गेले.

९ मार्च
सभा. हॉल भरलेला. साहेब माईकवर भराभर वाचत सुटले. मी बोलायला हात वर केला. बघतच नाहीत. तसाच धरून ठेवला, खांदा दुखेपर्यंत. कुणीतरी फोटो काढले. शेवटी उभीच राहिले. "स्वच्छतागृह पाहिजे. पण शेडमागच्या जागेवर. ती जागा नकाशात आणा, मग मंजूर करतो."
साहेबांनी पान उलटलं. मीच पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते ते.
"आजच्या विषयात नाही."
बाजूने सुनीता, "साहब, ख़ाली जगह छोड़के बसी हुई दुकान क्यों तोड़ते हो?" मग गोंधळ. साहेब म्हणाले, "सर्वानुमते मंजूर." माईक बंद.

१० मार्च
पेठेच्या ग्रुपवर फोटो फिरतोय. मी, हात वर. खाली लिहिलंय, 'आराखड्याला एकमुखी पाठिंबा.'
बोलायला वर केलेला हात.

१२ मार्च
खालाच्या भिंतीवर लाल रंगाने खूण करून गेले. इक्बालने मोबाइल माझ्यासमोर धरला. "हात कुणाचा हा?" मी काय सांगणार? माझाच. सुनीता बटण लावता लावता म्हणाली, "भाईजान, दीदी बोलने के लिए हाथ उठाई थी. मैं बाजू में बैठी थी. आप तो आए ही नहीं थे." त्याने मोबाइल खिशात टाकला. गेला. पण या वेळी शिव्या दिल्यासारखा नाही गेला.

१५ मार्च
दुपारी आम्ही बायका डबे घेऊन शेडमागच्या जागेत जाऊन बसलो. गाड्यांच्या मधे सतरंजी टाकून. वीसेक तरी असू. खाला खुर्चीवर. गाडीवाल्यांपैकी एक आला. "किसके बोलने से बैठे हो?" सुनीता म्हणाली, "पेशाब लगी है भैया. जगह बताओ, उठ जाते हैं." तो गाडीत चढला. हॉर्न वाजवत बसला. हसून हसून पुरेवाट.
घरी आल्यावर मि.च्या सुपरवायझरचा फोन. बायकोला समजाव म्हणून. या वरच्यांचा हात गोदामापर्यंत पोचतो तर. मि.ने फोन ठेवला. मग म्हणाला, "आता मागे फिरलीस तरी ते सोडणार नाहीत." ताट उचलून ठेवलं त्याने. रागावला की घाबरला, कळलं नाही. मीच घाबरलेय.

१८ मार्च
मनपात बाकावर बसून लिहितेय. साहेबांचा निरोप होता, ताईंनी एकटीने यावं, मार्ग काढू. काय मार्ग? माझ्या दुकानाला काहीतरी देतील आणि मला गप्प करतील. किंवा मि.च्या नोकरीचा विषय काढतील. किंवा खरंच ऐकतील. तिन्ही वाटतात आळीपाळीने.
निघताना खाला बुरखा घालून तयार, सोबत सुनीता. "एकटी जायचं न्हाय." इक्बालने गाडी काढली. "बसा," म्हणाला. महिन्याभरातला पहिला सरळ शब्द.
इथला बायकांचा संडास कुलूपबंद. चावी शिपायाकडे, शिपाई जागेवर नाही. सुनीता बसलीय पाय आवळून.
आत कोणाशी तरी हसून बोलणं चाललंय. आवाज त्या गाडीवाल्याचा वाटतो. नसेलही.
दार उघडलं. माझं नाव घेतलं, एकटीचं.
माझ्याआधी खालाच उठली.