रसायनशास्त्राचे रुखवत उचलण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
तापीकाठ विज्ञान महाविद्यालय,
ता. रावेर, जि. जळगाव.

अर्जदार: श्रीमती लिलाबाई पितांबर तायडे, माजी सदस्य, ग्रामपंचायत पिंपळखेडे.

विषय: रसायनशास्त्र विभागप्रमुख प्रा. सुकदेव महाजन यांच्या वागणुकीबाबत तक्रार, तसेच माझी नात कु. मृणाली तायडे, बी.एस्सी. तृतीय वर्ष, हिला प्रात्यक्षिक परीक्षेस बसू देणेबाबत.

संदर्भ: काचसामान फोडणे, आम्ल वाया घालवणे व प्रयोगशाळेत जीवितास धोका निर्माण करणे, या तीन कारणांवरून मृणालीस मिळालेली कॉलेजची नोटीस व त्यावर आपल्या केबिनमध्ये झालेली सुनावणी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून लिहिते की, प्रा. सुकदेव महाजन यांनी भर व्हरांड्यात, पोरापोरींच्या देखत, माझ्या नातीला "आडदांड" म्हटले. हा शब्द आमच्या घरी रेड्यासाठी वापरतात. मृणालीने केले काय, तर रसायनशास्त्र शिकायला येऊन तिसऱ्या वर्षी रसायनशास्त्राला हात लावला. एवढ्यावरून परीक्षेच्या यादीतून तिचे नाव काढले. प्रॅक्टिकल नाही म्हणजे पदवी नाही.

अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी चौथी झालेली आहे. प्रति, विषय, संदर्भ हे ग्रामपंचायतीत बसले तेव्हा शिकून घेतले. पुढचे मला कुणी शिकवलेले नाही. कुठे शब्द कडक लागला तर तो सरकारी समजून घ्यावा.

१) आपल्या प्रयोगशाळेत दारासमोर काचेचे मोठे कपाट आहे. आपणास माहीत असेलच, त्याच्या बाजूला उभे राहून काढलेला आपला फोटो ऑफिसात लावलेला आहे. कपाटात ब्युरेट, पिपेट, लांब मानेचे चंबू, आम्लाच्या बाटल्या, सगळे ओळीने मांडलेले. कॉलेजला दर्जा देणारी कमिटी येणार होती तेव्हा ते आणले. कमिटी आली, भरीत-पुरी जेवली, कपाटाकडे बघून माना डोलावल्या आणि गेली. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे व किल्ली सरांच्या खिशात. मुलांनी मागितले की सर म्हणतात, "फुटलं तर पुढच्या कमिटीला काय दाखवू, तुझं तोंड?"

२) मग प्रॅक्टिकल कसे होते, असा प्रश्न आपणास पडला नसेल, मला पडला. सर फळ्यावर उत्तराचा आकडा लिहितात आणि सांगतात, बठ्ठ्या वर्गाचं एवढंच यायला पाहिजे. मुले तो आकडा उतरवतात आणि त्याच्या मागेपुढे जरा जरा चुकलेले आकडे मांडतात, म्हणजे प्रयोग केल्यासारखा वाटतो. बाहेरचे परीक्षक आले की त्यांनाही आधी भरीत, मग कपाट. गेल्या परीक्षेत सगळ्या वर्गाचे उत्तर एकच आले. इतके एकमत मी ग्रामपंचायतीत कधी पाहिले नाही.

३) हे मला कुठे कळले ते सांगते. जळगावला एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मृणालीला मुलाखतीला बोलावले होते. मी सोबत गेले व बाहेर बाकावर बसले. दार उघडे होते. तिथले ज्ञानेश्वर साहेब विचारत होते आणि पोरगी धडाधड उत्तरे देत होती. मी मनात म्हटले, झाले काम. मग त्यांनी तिच्या हातात ब्युरेट दिली आणि म्हणाले, "ताई, भरा बरं ही." तिने खालची तोटी उघडीच ठेवून वरून भरले. सगळे टेबलावर, तिथून साहेबांच्या कागदांवर. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागले. म्हणाले, "डोकं चांगलं आहे, हात कोरा आहे. हात बसवा, परीक्षा द्या, पास झाला की या. जागा तोवर ठेवतो."

येताना बसमध्ये भुसावळ जाईपर्यंत पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मग आपणहून म्हणाली, "आजी, आजपर्यंत मी ती काचेच्या आड पाहिली होती फक्त."

४) म्हणून सर जेवायला गेले असताना टेबलावर राहिलेली किल्ली तिने घेतली आणि कपाट उघडले. याला चोरी म्हणू नये, वस्तू खोलीबाहेर गेलेली नाही. एका बाटलीवर सल्फ्युरिक आम्ल लिहिलेले, दुसरीवर कॉस्टिक सोडा. पद्धत अशी असते म्हणे, की चंबूतल्या आम्लात रंगाचे औषध टाकायचे, वरून सोडा थेंब थेंब सोडायचा आणि गुलाबी झाले की थांबायचे. पोरीने सोडला. नळी रिकामी झाली, पुन्हा भरली. रंग येईना. चंबू धुऊन पहिल्यापासून केले, तरी येईना. तिला वाटले, आपल्याच हातात खोट आहे. डोळे पुसत पुसत थेंब सोडत होती, तेवढ्यात सर दारातून ओरडले आणि ब्युरेट हातातून सुटली. फुटली हे आम्हाला मान्य आहे. तशीच दुसरी आणून देऊ.

५) आता सुनावणीचे. सरांनी ती आम्लाची बाटली पुरावा म्हणून आपल्या टेबलावर ठेवली व मला म्हणाले, "आजीबाई, लांब बसा. हाडापर्यंत जाळतं हे." मी पदर आवरून खुर्ची मागे घेतली. आपणही फाइल उचलून छातीशी धरली. मग सर हातवारे करत माझ्या नातीचा अविचार समजावून सांगू लागले, कोपर लागले, बाटली आडवी झाली आणि अर्धी त्यांच्या पायावर सांडली. साहेब, मी घाबरट बाई नाही, पण "माणूस जळाला, पाणी आणा" म्हणत मी उठले. आणि सर? सरांनी पाय झटकला आणि "जीवितास धोका" हे वाक्य जिथे तुटले होते तिथून पुढे चालू केले. मोजासुद्धा काढला नाही. मी आपल्याकडे पाहिले तर आपण पंख्याकडे पाहत होतात. पंखा बंद होता.

६) त्यानंतर मी चौकशी केली. दोन्ही बाटल्या कमिटीपुरत्या नळाच्या पाण्याने भरलेल्या आहेत. पाण्यात शेवाळ धरते, म्हणून ते मधून मधून बदलावे लागते. कोण बदलते ते लिहिणार नाही, त्या बाईला तिथेच नोकरी करायची आहे. आम्लाला शेवाळ धरल्याचे माझ्या नातीच्या पुस्तकात नाही, ते आपल्या कॉलेजात होते. तरी नोटिशीत लिहिले आहे, आम्ल वाया घालवले. आमच्या गावात नळाला पाणी उशिरा येते, पण पाणी सांडले म्हणून कुणाची पदवी अडवलेली मी ऐकली नाही.

इथवर मी हसून सोडलेही असते. पण पोरगी त्या पाण्यापायी स्वतःला ढ समजत होती, घास गिळत नव्हती, कारखान्यात आता जायचेच नाही म्हणत होती. पाण्यात पाणी घातले तर रंग कुठून येणार? तिचा हात बरोबर होता. माझी खरी तक्रार ही आहे.

७) आमच्या भावकीतल्या लग्नांची रुखवते मी मांडत आले आहे. मला कपाटाची रीत कळते. ताटल्या कमळासारख्या लावायच्या, तांबे उतरत्या क्रमाने, आणि मुलाकडची मंडळी बघून जाईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी पोरांच्या हातावर चापट्या मारलेल्या आहेत. पण लग्न लागले की रुखवत उचलतात, साहेब. भांडी पोरीसोबत जातात, आठवड्यात त्याच पातेल्याचे बूड काळे होते, तांब्याला पोचा येतो. त्यासाठीच ती दिलेली असतात. आपल्याकडे मात्र पाहुणे जेवून केव्हाच गेले, मांडवही उठला आणि रुखवत अजून जागेवर. पोरी तेवढ्या रिकाम्या हाताने निघाल्या.

तरी विनंती की, मृणालीचे नाव परीक्षेच्या यादीत परत घ्यावे. परीक्षेच्या दिवशी कपाट सगळ्या मुलांसाठी उघडावे आणि बाटलीवर जे लिहिले आहे ते बाटलीत असावे. हे जमत नसेल तर नोटिशीतला "आम्ल" हा शब्द खोडून तिथे "पाणी" लिहावे व खाली आपली सही करावी. तो कागद घेऊन कोणत्या ऑफिसात जायचे ते मी बघते.

निर्णय होईपर्यंत आपल्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलेली,

लिलाबाई पितांबर तायडे
(सही, अंगठा नव्हे)

दिनांक: १० मार्च २०२५

सोबत:
१) नोटिशीची झेरॉक्स.
२) ब्युरेटचे तुकडे, कागदात बांधून. जपून उघडावे, हे मात्र खरोखर कापते.
३) सुनावणीत टेबलावर सांडलेले आम्ल मी ज्याने टिपले तो रुमाल. धुतलेला नाही. भोक पडलेले नाही.

ता. क. माघारी बोलायची मला सवय नाही, म्हणून अर्ज खिडकीत देण्याआधी प्रयोगशाळेत जाऊन सरांना उभ्याने वाचून दाखवला. मृणाली माझ्या शेजारी होती, वर्गही होता. ऐकून झाल्यावर सर म्हणाले, "आजीबाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

मी म्हणाले, "काहीच नाही, सर. म्हणून बाटली सांडली तेव्हा मी घाबरले. तुम्हाला कळत होतं, म्हणून तुम्ही नाही घाबरले. या पोरांना तुम्ही तीन वर्षांत एक प्रयोग पक्का शिकवला, पाण्याला आम्ल म्हणायचा. आमच्या पोरीला तो जमला नाही. त्यात तिला खुशाल नापास करा, आणि बाकीच्या परीक्षेला कपाट उघडा."