दहापट नाही, सहापट

रविवार, सौंसर

दादानं अन् मी घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन आज मी हवेतच बंद केलं. शंभर फूट खाली येईस्तोवर ते किती पुढं जाते, तेवढंच मोजायचं होतं. दादा म्हणे हजार फूट जाईन. सहाशेच गेलं.

"वारा उलटा होता," दादा म्हणाला.

वारा कुठून आला? झाडाचं पान हलत नव्हतं!

संध्याकाळी त्यानं पाहुण्यायले दहापटच सांगितलं. वर म्हणे, उद्या वहिनीले बसवतो. इंजिन बंद पडलं तर उतरायच्या माळापर्यंत तरी पोचन का? मी सगळ्यायसमोर म्हटलं, "वहिनी, बसू नका. सहापटच आहे."

"भाऊजी, तुमाले तुमच्या दादाचं चांगलं झालेलं पाहवतच नाही."

दादाले खरं माहीत होतं. तो खाली मान घालून चहा पीत राहिला.