धाकटीचं कॉलेज बघून आल्यावर

आई, काल धाकटीला घेऊन तिचं कॉलेज बघून आले. कॉलेज कसलं, विद्यापीठच. चित्रकला, डिझाइन असलंच सगळं शिकवणारं, पुण्याच्या पलीकडं. बारावी झालेल्या पोरांनी आधी येऊन बघावं, हात लावून पाहावं आणि मग कुठली पदवी घ्यायची ते ठरवावं, म्हणून ते लोक एक दिवस सगळी दारं उघडी ठेवतात. माझ्या वेळेला असलं काही नव्हतं. असेलही, मला माहीत नव्हतं. मी जवळच्या कॉलेजात बीकॉमला नाव घातलं, कारण कुकर लावून, धाकटीला शाळेत सोडून तिथं चालत जाता येत होतं. घरात पहिली पदवी माझी. गाऊन घातलेला माझा फोटो पप्पांनी रिक्षात लावलाय, पॅसेंजरला दाखवतात. आता मी इथंच कोल्हापुरात, राजारामपुरीत एका क्लासला अकाउंट्स शिकवते. एक बॅच गेलीय, दुसरी यायची आहे, आणि मधल्या वेळेत रिकाम्या बाकांसमोर बसून तुला हे लिहितेय.

गेटवर एका मुलीनं धाकटीच्या गळ्यात पिवळी फीत घातली आणि माझ्या गळ्यात निळी. निळ्या फितीच्या कार्डावर 'पालक' असं लिहिलं होतं. मी सत्तावीस वर्षांची आहे, आई. मी म्हटलं, "मी बहीण आहे तिची." ती मुलगी गोड हसली, "मग पालकच ना ताई, या की." धाकटी माझ्या कानाशी लागली, "झालं! आता माझ्यावर ओरडायचं लायसन मिळालं तुला."

कपड्यांच्या विभागात गेलो. तिथली टेबलं तुला दाखवायला हवी होती. कमरेच्या वरपर्यंत उंच, अख्खं नऊवारी पसरून उरेल इतकी लांब, आणि वरून पांढरा उजेड. मुली उभ्यानं कापत होत्या, ताठ. तू फरशीवर बसून, एक गुडघा उभा धरून, दुसऱ्या पायाखाली कापड दाबून कापायचीस आणि उठताना भिंतीला धरून उठायचीस. मला त्या टेबलांचाही हेवा वाटला. माणसांचा वाटतो तसाच. एका मुलीच्या हाताला निळा रंग लागला होता, केस कसेही बांधलेले, आणि ती शेजारणीला सांगत होती, "मला अजून कळत नाहीये मला काय करायचंय." इतक्या आरामात सांगत होती! मला काय करायचंय हे मला सातवीतच कळलं होतं.

तुला आठवतंय का ते, मला माहीत नाही. तू दोरा आणायला महाद्वार रोडच्या बाजाराकडं गेली होतीस. शेजारच्या काकूंचा अबोली ब्लाउजपीस पाटावर पडला होता, पाठ आणि पुढा कापून झालेला, बाह्या राहिलेल्या. मी तुझं बघून बघून आधी पेपरवर बाही आखली, काखेतला गोल दोनदा पुसून नीट केला, आणि मग तुझ्या मोठ्या कात्रीनं कापड कापलं. तू आलीस. बाही उचललीस, मापाच्या ब्लाउजवर ठेवलीस, फिरवलीस, परत ठेवलीस. मग तू ओरडलीस, "ठिव ती कात्री खाली! जल्मभर दुसऱ्याच्या काखा मापायच्या हैत व्हय तुला? मी शिवतो, तू शीक. परत हात लावलास तर बोटं तोडीन." दोन दिवसांनी काकू तो ब्लाउज घेऊन गेल्या. मी लपून बघितलं होतं, आई. तू ती बाही टाकली नव्हतीस, तीच लावली होतीस. मग ती बरी होती की नाही? एवढंच मला तेव्हापासून विचारायचंय. मी दहावीत असताना तू गेलीस, तोपर्यंत मी फक्त काजं केली आणि हुक लावले. कात्री तू कपाटावर ठेवायचीस.

आणि धाकटीला ती कशी मिळाली सांगू? तू नव्हतीस म्हणून मिळाली. मी अभ्यास आणि भाकऱ्या यात बुडालेली, पप्पा रिक्षावर. ती चिंध्या जमवून मशीनखाली बसायची. एकदा खिडकीचा पडदा कापून बाहुलीला परकर-पोलकं केलं तिनं, तर पप्पा हसले, म्हणाले, "अगदी आईवर गेलीया बघ." मी चुलीपाशी उभी होते. मला वाटलं, आईवर मी गेले होते. मला जाऊ दिलं नाही.

तर काल. पालकांना फी आणि नोकऱ्यांची माहिती द्यायला वेगळ्या हॉलमध्ये बोलावत होते. मी गेले नाही, दारातच थांबले. आत पोरांना प्रत्येकी मांजरपाटाचा तुकडा दिला आणि तिथल्या मॅडम म्हणाल्या, पुतळ्यावर हवं ते करा, कापा, टाचा, चुकलं तरी चालेल. सगळ्यांच्या कात्र्या चालू झाल्या. धाकटी तशीच उभी. मॅडमनी विचारलं, "काय गं, सुचत नाही का?" ही त्या सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांत मोठ्यानं म्हणते, "बादली मिळंल का?"

"बादली?"

"कापड भिजवायला. कोरं कापड कापायचं न्हाय. पहिल्या धुण्यात आवळतंय, मग बाई भांडायला येती."

सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "अगं, आम्ही धुऊनच आणलंय सगळं. हात लावून बघ, खळ नाही." धाकटीनं चिमटीत चुरगाळून बघितलं, स्वतःच खळखळून हसली आणि म्हणाली, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय!" मॅडमना ती आवडली, ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी विचारलं, "कोणी शिकवलं तुला हे?"

"आईनं," धाकटी म्हणाली.

आई, ती बालवाडीत होती गं. तिला तुझी बादली कुठून आठवणार? मागच्या दाराशी अस्तरं भिजत घातलेली, दुसऱ्या दिवशी दोरीवर गुलाबी, पोपटी, अबोली तुकडे, रंग गेला तर माझ्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याला लागू नये म्हणून तू जपायचीस, भांडायला येणाऱ्या बाईची तू करायचीस ती नक्कल, हे सगळं माझं आहे. तिला भात भरवताना मी सांगितलेलं. एकेका घासाला तुझी एकेक गोष्ट दिली तिला, आणि काल तिनं त्यातलीच एक काढून दाखवली आणि शाबासकी घेतली. मला ते बघवेना, मी दारातून बाजूला झाले. मी रोज वर्गात पोरींना सांगते, मनाला पटेल ते शिका, कुणाला घाबरू नका. मनापासून सांगते. आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मला वाटत होतं, हिला जमू नये.

परतीच्या एसटीत तिनं विचारलंच. "ताई, खरं सांग. हे घेऊ का बीकॉम करू?"

"पप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले ताईला इच्चार. तुझा शब्द म्हंजे सुप्रीम कोर्ट."

मी फीचं बोलले. नोकऱ्यांचं बोलले. शिवणकाम काय, जोडधंदा म्हणून घरातही करता येतं, असंही बोलले. ती म्हणाली, "क्लासातल्या पोरींना येगळं सांगतीस आणि मला सांगताना तोंड वाकडं का?" मला राग आला आणि तोंडातून निघून गेलं, "जल्मभर दुसऱ्याच्या काखा मापायच्या हैत व्हय तुला?"

ती एकदम वळली. "हे तुझं बोलणं न्हाय. कुणाचं?"

मग सांगावं लागलं. बाही, कात्री, बोटं तोडीन, सगळं. एवढी एकच गोष्ट मी तिला कधी दिली नव्हती. सांगून होईपर्यंत कराड गेलं. मला वाटलं, आता म्हणेल, बिचारी ताई. तर ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "तुझं बरं हाय. तुला वरडली तरी ती. मला एक शिवी पण आठवत न्हाय तिची." मग म्हणाली, "परत म्हण की. तिच्यासारखं."

मी परत म्हटलं. तुझ्या आवाजात, तुझ्यासारखा हात उगारून. पुढच्या सीटवरच्या आजी मागं वळून बघायला लागल्या. धाकटीनं मला आणखी एकदा म्हणायला लावलं आणि ती हसता हसता डोळे पुसायला लागली. तेव्हा मी म्हटलं, "घे तो कोर्स. पप्पांना मी सांगते." ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, आणि कोल्हापूर येईपर्यंत मी हात हलवला नाही. आज सकाळी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तू म्हणालीस म्हंजे झालं." सगळ्यांना वाटतंय ताईचं मन मोठं आहे.

पोरी जिना चढायला लागल्यात, ऐकू येतंय. ही पानं घडी घालून पर्समध्ये ठेवीन, दुसरीकडं कुठं ठेवणार? फक्त एक राहिलं. काल दारातून बाजूला झाले ती पाणी प्यायला गेले असं धाकटीला सांगितलंय. मी खाली चौकशीच्या टेबलाशी गेले होते. विचारलं, या कोर्सला वयाची अट आहे का. तिथला माणूस म्हणाला, "नाही. कुणासाठी हवंय?" मी म्हटलं, मैत्रिणीसाठी. तो म्हणाला, "दिवसभराचा कोर्स आहे पण, चार वर्षं. नोकरी सोडून येतील का त्या?" मी म्हटलं, विचारून सांगते. धाकटीला 'घे' म्हणाले ते त्यानंतर, माझं काही जमायचं नाही हे कळल्यावर.