मागचं डावं दार

भवानी पेठ, सोलापूर
रविवार

प्रिय दाजी,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन सहा महिने होत आले. आता कुठे मला पत्र लिहायला सवड झाली असं समजू नका. सवड होती, धीर नव्हता.

लिहायला सांगितलं तुमच्याच बायकोनं, म्हणजे माझ्या आक्कानं. उन्हाळ्यात करमाळ्याला गेलो होतो तेव्हा म्हणाली, "दत्तू, गाडीत टेप बसीव. पर त्यास्नी इचारल्याबिगर दाराला करवत लावायची न्हाय." मी म्हटलं, "आगं, दाजीस्नी आता कसं इचारू?" तर म्हणते कशी, "पत्र लिव्ह की! शाळा शिकलायस न्हवं?"

मी लिहिलं नाही. मेलेला माणूस उत्तर देत नाही हे मला कळतं हो! पण तुमचं उत्तर मला पाठ होतं. भाऊबीजेला अंगणात उभं राहून तुम्ही ते मला ऐकवलंच होतं की! तेच पुन्हा ऐकू येईल या भीतीनं पेन उघडलं नाही. आणि गंमत बघा, मी न विचारताच तुम्ही मला उत्तर दिलंत. कसं ते सांगायलाच बसलोय.

तुमची काळी गाडी म्हणजे काय प्रकरण होतं! वयानं ती माझ्यापेक्षा थोडीच लहान. जेऊर स्टेशनला पॅसेंजर थांबली की तुम्ही फाटकापाशी उभे राहून "करमाळाऽऽ, कमळाभवानीऽऽ" अशी हाक द्यायचात, आणि पाच जणांच्या गाडीत नऊ जण बसवायचात. नऊ बसले तरी चालतील, पण दार कुणी जोरात लावलं की संपलंच. "हळू! ती काय तुमच्या सासऱ्याची हाय का?" एका फौजदाराला तुम्ही असं बोलला होतात. तो बिचारा करमाळा येईपर्यंत दाराला हात लावेना.

रोज सकाळी तुम्ही गाडी ओल्या फडक्यानं पुसायचात. आक्का म्हणायची, "माज्याकडं येवडं बगितलं असतं तर!" तुम्ही म्हणायचात, "तू कुटं गंजतीस?" मी हसून लोळायचो. आणि अशा माणसाच्या गाडीच्या दाराला भोक पाडायचा विचार माझ्या डोक्यात आला! माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

पण माझी बाजूही ऐका. गेल्या वर्षी जेऊरच्या स्टँडवर दोन नव्या जीपा आल्या. त्यात कॅसेटचे टेप. रेल्वेतून उतरलेली माणसं गाण्याच्या आवाजानं तिकडे वळायला लागली. आक्कानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आणि दुसरं, तिला गाण्याचं किती वेड! लहानपणी पाट्यावर चटणी वाटताना ती गायला लागली की आईचं हातातलं काम राहायचं. म्हटलं, रेडिओ दुरुस्त करणारा भाऊ आहे, तो काय नुसता साडीच घेऊन जाणार?

म्हणून भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात टेप आणि दोन स्पीकर ठेवले. आठवतंय? निरांजनाशेजारी दोन काळे गोल स्पीकर! आक्का हसून हसून बेजार. "दिवा इझंल की रं मेल्या, उचल ते!"

तुम्ही हसला नाहीत. "हे कुटं बसवायचं?" एवढंच विचारलंत.

मी म्हटलं, "मागच्या दोन दारांत. भोकं पाडून."

"माज्या दाराला भोक?"

"दाजी, सगळेच करत्यात."

"सगळ्यास्नी करू दे. माज्या गाडीला पत्र्याची कात्री लावायची न्हाय. तू रेडिओवाला हायस, रेडिओपाशी ऱ्हा."

आणि मग मी तो शब्द बोललो. घरात पाहुणे, शेजारी, सगळ्यांदेखत. "ह्या खटाऱ्याचा येवडा काय रुबाब?" खटारा म्हटलं मी तुमच्या गाडीला! तुम्ही फडकं उचललंत आणि गाडी पुसायला गेलात. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या गाडीतून स्टेशनला आलोच नाही. मुद्दाम जीपमध्ये बसलो, तुमच्यासमोर. टेप आणि स्पीकर मात्र आक्कानं ठेवून घेतले. ओवाळणी परत द्यायची नसते म्हणाली.

त्यानंतर दोन महिने आपण बोललो नाही. आणि मग संक्रांत चार दिवसांवर असताना तार आली. छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं, असं आक्का सांगत होती. मी तुम्हाला खांदा दिला दाजी, पण तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. माझ्यावर रागावून गेलात, हेच डोक्यात. तेराव्याचं गोड पानात तसंच ठेवून उठलो. ह्या सहा महिन्यांत हे मी कुणाला बोललो नाही, माझ्या बायकोलासुद्धा नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

गाडी आता हनीफभाई चालवतो. तुमच्याच स्टँडवरचा, तुम्ही ज्याला "मवाळ माणूस" म्हणायचात तो. आक्काचं घर त्या गाडीवरच चालतं. पण तो एक दिवस माझ्या दुकानात आला आणि टोपी काढून बसला. "दत्तूभाई, लोकां पैले पूछते, टेप हाय क्या? नहीं बोले तो जीप में जाके बैठते. अपन देखते बैठते. भाभी को कैसा बोलूँ?" मग आक्कानंच टेप बसवायला सांगितलं, आणि वर तुम्हाला विचारायची अट घातली.

गेल्या सोमवारी हनीफभाई गाडी घेऊन सोलापूरला आला. आक्काही आली, पण बसनं. तुम्ही गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. येताना तो भाऊबीजेचा टेप आणि ते स्पीकर घेऊन आली, नव्या फडक्यात बांधून.

मी कामाला लागलो. मागच्या उजव्या दाराचं काचेचं हँडल काढलं, रेक्झीनचा पुठ्ठा सोडवला, सायकलची तार आत घालून खोली मोजली. पाच इंच! माझ्या स्पीकरचा चुंबक चार इंच मागे येत होता. आरामात बसणार. तेवढ्यात आक्का म्हणाली, "काच खाली केल्यावर बी बसंल का रं?"

दाजी, मी बारा वर्षं ह्या धंद्यात आहे. आणि मी काच वर असताना दार मोजत होतो!

का, ते सांगतो, हसू नका. आमच्या पेठेत दिवसभर यंत्रमाग चालतात. हवेत कापसाचे तंतू उडत असतात. इथे उभी राहिलेली गाडी काचा लावूनच उभी असते, उघडी काच मला दिसतच नाही. काच खाली आली की ती दाराच्या पोटात शिरते, स्पीकरच्या पाठीला भिडते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि चुंबक एवढा मोठा का निवडला? तर आमच्याकडे मागांच्या खडखडाटावर जो मात करील तोच स्पीकर चांगला. शेजारचे नरसय्या माझ्याकडे रेडिओ आणतात ते "पेद्दगा, पेद्दगा" म्हणतच, म्हणजे मोठ्यानं वाजू दे. मोठ्या आवाजाची सवय झालेला माणूस मी! बंद गाडीत शेजारी बसलेल्या बाईला केवढा आवाज लागतो, याचा विचार कशाला करीन?

आणि काच खाली हवीच, कारण आक्काला गाडी लागते. लहानपणापासून. बैलगाडीतसुद्धा तिला मळमळायचं, आणि तिच्याजवळ लिंबू घेऊन मीच बसायचो. हे मी विसरलो होतो. सख्खा भाऊ!

मान खाली घालून मी डाव्या दाराकडे वळलो. आक्काची बसायची जागा ती. तुमच्याशेजारी उतारूंसमोर बसायची तिला लाज वाटायची, म्हणून ती कायम मागे डावीकडे. ह्या दाराचे स्क्रू हाताला हलकेच लागले, कुणीतरी अलीकडेच काढून बसवल्यासारखे. पुठ्ठा बाजूला केला आणि मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

पत्र्यावर पेन्सिलीनं एक गोल काढलेला. स्वच्छ, मापात. शेजारी तुमचं ते मुंगळ्यांसारखं अक्षर:

काच वर — पाच.
काच खाली — सव्वादोन.
दत्तूचा बसत न्हाय. उथळ बगाय पायजे.
संक्रांतीला आल्यावर सांगू.

दाजी! अहो दाजी!

मला वाचताना दिसेना. आक्का विचारत होती, "काय लिवलंय? काय लिवलंय त्येंनी?" मी वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिला समजलंच नाही. मग त्या गोलावरून बोट फिरवत म्हणाली, "मंजी ह्यो गोल काढाय माजी ताटली व्हय! गाडीकडं घिऊन गेलतं. म्या इचारलं कशाला, तर म्हनलं, ग्रीस ठिवायला." आणि पदर तोंडाला लावून ती आधी हसली आणि मग रडली. मीही रडलो. हनीफभाई उठून चहा सांगायला गेला.

आक्कानं ठेवून घेतलेले माझे स्पीकर तुम्ही काढून मोजलेत. कधी? आक्का दळणाला गेली असताना? माझी चूक तुम्हाला कळली, आणि ती तुम्ही आक्कालाही सांगितली नाहीत. का? तिच्यासमोर भावाचं तोंड पडू नये म्हणून? मी तुम्हाला चारचौघांत बोललो, आणि तुम्ही माझी चूक पुठ्ठ्याखाली झाकून ठेवलीत! आणि आपल्या गाडीला भोक पाडायलाही तयार झालात. चारपैकी फक्त त्या एका दारावर, जिथे ती बसते.

थोडं रागावू का? तिळगूळ हातावर ठेवूनच बोलायचं, असं काय अडलं होतं? दोन ओळींचं कार्ड टाकायचंत! "उथळ बघ" एवढे दोन शब्द लिहिले असते तर मी त्याच दिवशी धावत आलो असतो.

मग तीन दिवस मी उथळ स्पीकर शोधत फिरलो. पहिल्यांदा वाटलं, लाकडाचं कडं करून जुनाच थोडा पुढे काढून बसवावा. पण आक्काचा गुडघा त्याला लागला असता. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवावेत, तर तिथे उतारू गाठोडी टाकणार. चपट्या चुंबकाचे चार नमुने आणून दुकानात ओळीनं मांडले. एकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा, एक जोरात लावला की कुरकुरायचा. शेवटी एक लांबट, अंडाकृती जोडी मिळाली. जेमतेम दोन इंच खोल. त्यात ढोल थोडा कमी भरतो, ते कबूल. पण गळा काय स्वच्छ येतो! ते निवडायला मी मागांपासून लांब, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी गेलो होतो. डोळे मिटले आणि मनात आक्काला बसवलं. जन्मात पहिल्यांदा मी हळू आवाजावरून स्पीकर निवडला.

तुमच्या गोलाच्या आत लांबट भोक पाडलं. रेघ तशीच ठेवलीय, अक्षरंही. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, वर वार्निश लावलं, पाणी आत गेलं तरी गंज धरणार नाही. उजव्या दारालाही तसंच केलं, उतारूंसाठी. काच पूर्ण खाली जाते, कुठे घासत नाही. वीस वेळा फिरवून बघितली.

काल आक्काला म्हटलं, "बस." ती बराच वेळ गाडीच्या बाहेर उभी राहिली. मग दार हळू उघडून आपल्या जागी बसली आणि काच खाली केली. हनीफभाईनं गाडी चालू केली, मी टेप लावला. होटगी रोडनं निघालो. गाणं अगदी तिच्या कानाशी. मी पुढे बसून मागे वळून बघत होतो, आता काय म्हणते, आता काय म्हणते!

म्हणाली, "दत्तू, जरा बंद कर."

मळमळतंय का विचारलं, तर मान हलवली. "न्हाय रं. गाडी ऐकू दे जरा."

मी टेप बंद केला. मग आम्ही तिघं तुमच्या गाडीचं इंजिन ऐकत गेलो. दुसऱ्या गिअरला ती जरा कण्हते ना, तेही. बराच पुढं गेल्यावर आक्का म्हणाली, "लाव आता." आज सकाळी ती त्याच गाडीतून करमाळ्याला गेली. बसनं नाही.

दाजी, तुम्ही रागावून गेला नाहीत, एवढं मला कळलं. त्यावर माझी उरलेली जिंदगी निघेल. पण तुम्ही मला कधी माफ केलंत ते मला माहीतच नव्हतं, आणि मी माफी मागितली ती तुम्हाला माहीत नाही. हे कसं फेडू?

एवढा शब्द देतो. इथून पुढे कुणाशी बिनसलं, तर मी सणाची वाट बघणार नाही. चूक माझी असो की त्याची, त्याच दिवशी उठून जाईन, दारात उभा राहीन आणि बोलेन. दोन महिने मी इथे दुकानात बसून तुमच्याकडे यायचं निमित्त शोधत होतो. आणि सोलापूरहून जेऊरला गाडी होती, दाजी. रोज होती.

तुमचा वेडा मेव्हणा,
दत्तू