टोळाचे सांधे

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी पोस्टाच्या नावानं खडे फोडले. खरं म्हणजे पत्र वेळेवर आलं होतं. तुझ्या आईनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मग मी मागच्या शेडमध्ये जाऊन एकट्यानं वाचलं. महिनाअखेरीला तू राजीनामा देणार आहेस. विम्याच्या कचेरीत चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून बघून डोळ्यांवर झापड येते म्हणतेस. आता घरी यायचं, आपण दोघांनी मिळून शर्यतीच्या हलक्या गाड्या बांधायच्या, शेडवर पाटी लावायची. पाटीचं चित्रही काढून पाठवलंस, टोळाला पायांऐवजी चाकं लावून. आई म्हणाली, टोळाचं तोंड थेट यांच्यासारखं आलंय. मी हसलो. तिला बरं वाटावं म्हणून जरा जास्तच हसलो.

आपल्या गाडीचा तो सांगाडा आपण घरी आणला तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. बंद पडलेल्या गॅरेजच्या मागं, गवतात पडलेला. नुसत्या चौकोनी पाइपांचा पिंजरा, ना चाकं, ना इंजिन. दोघांनी दोन टोकं धरून रस्त्यानं चालत आणला, कारण उचलायला इतका हलका होता. आई दारात उभी राहून म्हणाली, ही खाट कुणासाठी? आणि पुढे सहा महिने तिनं त्याला खाटच म्हटलं. इंजिन मिळालं ते एका पडलेल्या मोटारसायकलचं. ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शेडचा पत्रा थरथरला, शेजारीण बाहेर आली, आणि तू म्हणालीस, हा तर टोळ ओरडतोय. तेच नाव पडलं. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो हे आपल्याला गाडी शेडमध्ये नाकासमोर घातल्यावर कळलं. दोघांनी ढकलून बाहेर काढली. या घरातल्या माणसांना मागं येता येत नाही, आता गाडीही तसलीच आणली, असं आई म्हणाली होती.

पहिलं इंजिन आपण मारलं ते आठवतं? जुन्या धावपट्टीवर आपणच आखलेल्या गोल वाटेवर, तिसऱ्याच फेरीत, डावीकडच्या लांब वळणावर. आतून खडखडाट झाला आणि सगळं गप्प. मी म्हणत होतो इंजिनच खराब होतं. तू दोन दिवस जमिनीवर फतकल मारून बसलीस, घासून गेलेल्या बेअरिंगचे तुकडे समोर मांडून. शाळेत एका जागी दहा मिनिटं न बसणारी पोर. मग उठून मला समजावलंस की मोटारसायकल वळताना कलते, म्हणून तिचं तेल तळाशीच राहतं. आपली गाडी कलत नाही. तेल एका बाजूला पळतं आणि पंप हवा पितो. कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या मला हे सुचलं नव्हतं. तू कागदावर तेल अडवणारे आडपडदे काढून दिलेस, मी तेलाच्या पेटीत ते पत्रे कापून जोडले, आणि दुसरं इंजिन त्याच वळणावर सुखरूप राहिलं. त्या दिवशी मी मनात ठरवलं की डोकं तुझं आणि हात माझे. असं जोडकाम कुठल्या बापाच्या नशिबी येतं!

मग आपल्याला वजनाचं वेड लागलं. जिथे तिथे भोकं पाडायची. पेडलला भोकं, चाकं-इंजिन धरून ठेवणाऱ्या कंसांना भोकं, बसायच्या पत्र्यालाही. सुटे भाग न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून तू भिंतीवर आकडे लिहायचीस. ते आकडे अजून आहेत. आई पुसू देत नाही.

आता हे पत्र मी का लांबवतोय ते तुला कळलं असेल. तू लहानपणापासून हुशार. अक्षराकडेही तुझं लक्ष गेलं असेल. पहिली ओळ बरी असते, मग अक्षरं आपोआप बारीक होत जातात, शेवटी मुंग्या. पेनाचा दोष नाही. हे पत्र मी आठ दिवसांपासून लिहितोय, रोज थोडं थोडं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत डाव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. चहाच्या कपावर नख टिकटिक वाजायचं. मी तो हात खिशात ठेवायला लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी अक्षरशः मूठ झाकून हिंडलो. तुझ्या आईनं सगळ्यात आधी ओळखलं, माझ्या शर्टाच्या बटणांवरून. मला वेळ लागायला लागला तसे तिनं काही न बोलता माझे सगळे शर्ट बदलून बिनबटणांचे आणले. मीही ते घालायला लागलो. एका घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

कारखान्यात मी आधी वेल्डिंगच्या कांड्यांना दोष दिला, मग मशीनला, मग नव्या पत्र्याला. नाचता येईना अंगण वाकडं. आमचा तपासनीस तुला माहीत आहे, ज्याला आम्ही शंकेखोर म्हणतो, तू लहान असताना तुला काळ्या काचेतून सूर्य दाखवणारा. टाक्यांचे सांधे तपासून तो पास करतो. सांध्यात खोट सापडली की भोवती खडूनं गोल काढतो. एकतीस वर्षांत त्यानं माझ्या सांध्याभोवती गोल काढला नव्हता. या थंडीत एक काढला. काढला आणि खडू तिथेच ठेवून निघून गेला, माझ्याकडे बघितलंही नाही. पुढच्या महिन्यात तीन. मग साहेबांनी बोलावून चहा दिला आणि सांगितलं की आता तुम्ही सामानाच्या कोठीत बसा, अनुभवी माणूस हवाच आहे तिथे. मी आता नटबोल्ट मोजून देतो. कुणी जुना भेटला की म्हणतो, पाठ दुखते म्हणून बदलून घेतलं. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, ते आईनं कागदावर लिहून आणलं. गोळ्यांनी कंप थोडा कमी होतो. बाकी ते थांबत नाही, पुढे सरकत राहतं, एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

हे सगळं मी तुला फोनवर सांगू शकलो असतो. फोनवर हात दिसत नाहीत आणि आवाज माझा अजून चांगला आहे, हीच तर सोय होती.

कोठीत गेलो त्या आठवड्यात शंकेखोर जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसला. डबा उघडलाच नाही. म्हणाला, "घरी काय जोडतोस ते मी विचारणार नाही. पण त्यात कुणी माणूस बसत असेल, तर मला दाखव."

तो रविवारी सकाळी आला. बरोबर त्याची पिशवी, त्यात लाल द्रावाची आणि पांढऱ्या पुडीची अशा दोन बाटल्या. तुला ही तपासणी ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. सांध्यावरचा रंग खरवडायचा, लाल द्राव लावायचा, थोडं थांबून पुसून टाकायचा आणि वरून पांढरा थर द्यायचा. सांधा धड असेल तर पांढरा पांढराच राहतो. चीर असेल तर आत मुरलेला लाल हळूहळू वर येतो. नवं मोठं इंजिन बसवताना मी नव्यानं केलेले सगळे सांधे आम्ही तपासले, चव्वेचाळीस. थर दिला आणि दोघं उलट्या डब्यांवर बसून राहिलो. आई चहा घेऊन आली, तीही उभी राहिली. पहिली लाल रेघ इंजिनाच्या कंसापाशी आली, केसासारखी. मग दुसरी. आई मोजत होती, तोंडानं नाही, ओठांनी. अकरावर ती आत निघून गेली. उजव्या मागच्या चाकाचा कंस सगळ्यात वाईट होता, चीर निम्म्याहून जास्त आत गेलेली. शंकेखोरानं तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "हिच्यात कोण बसलं होतं?" मी म्हणालो, अजून कुणीच नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग बाटल्या पुसून पिशवीत ठेवल्या, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात झटकावासा वाटला.

टोळ आता नाही, भिंगरी. त्याच आठवड्यात मी त्याचे तुकडे केले. तुझी वाट बघायला हवी होती, निदान विचारायला हवं होतं, हे कळतं. पण मी स्वतःला ओळखतो. सांगाडा उभा राहिला असता तर एखाद्या चांगल्या सकाळी, हात शांत असताना, मला वाटलं असतं की अकराच तर आहेत, पुन्हा जोडू. म्हणून ग्राइंडर घेतला. पाइप कापायला हात स्थिर लागत नाही, काहीच मोडायला लागत नाही. इंजिन चांगलं आहे, ते टेबलावर कापड घालून ठेवलंय. तुझी तेलाची पेटीही शाबूत आहे. तिचे सांधे मी धड असतानाचे, तेही शेवटी तपासले, एकही रेघ आली नाही. शेड इतकी मोठी आहे हे मला आजवर ठाऊक नव्हतं. कामावरून आलो की सवयीनं तिथे जातो, दार उघडतो आणि काय करायला आलो तेच आठवत नाही. आई हाक मारते, मी हो म्हणतो आणि तिथेच उभा राहतो. हे रोजचं झालंय. ती म्हणते, पोरीला बोलावून घेऊ. मी तिला म्हटलं की नको. का नको, ते तिला सांगितलेलं नाही. शंकेखोरालाही नाही.

गेल्या वर्षी तू आठ दिवसांच्या रजेवर आलीस, तेव्हा नवं इंजिन बसवून गाडी तयार होती. धावपट्टीवर तू अठरा फेऱ्या मारल्यास, आधीच्या वेळेपेक्षा चार सेकंद कमी. उतरल्यावर हेल्मेटसकट माझ्या गळ्यात पडलीस. आता पत्रात लिहितेस की बाबांच्या सांध्यावर मी डोळे मिटून बसते, म्हणून हा धंदा तुमच्याबरोबरच करायचा. त्या वाक्यासाठी हे पत्र आहे. तू येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी उजव्या मागच्या कंसाचा सांधा मी पाहिला होता. लाल द्रावाची गरजच नव्हती. शिकाऊ पोरानंही तो नापास केला असता. मला कळलं होतं. तुझ्या रजेचे आठच दिवस होते, पुन्हा जोडायला माझा हात धजत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाकडून जोडून आणला असता तर तू कारण विचारलं असतंस. मी तो कानशीनं घासून सपाट केला आणि वरून काळा रंग मारला. अठरा फेऱ्या मी कठड्याला धरून मोजल्या, हात वर करून तुला थांबवू शकलो असतो, अठरा वेळा. तू वाचलीस ती नशिबानं, माझ्यामुळे नव्हे. नुसतं आजारपण कळवलं असतं तर तू राजीनामा देऊन उद्याच निघाली असतीस, म्हणून हे दुसरं लिहिणं भाग होतं. कुणाबरोबर पाटी लावायला निघालीस ते आधी बघ, मग काय ते ठरव. हातांच्या दुखण्यावर माझा काही इलाज नव्हता. पण तो रंग मी बारीक कुंचल्यानं दिला होता, अगदी कडेकडेनं, आणि कुठेही एक थेंबसुद्धा ओघळू दिला नव्हता.

तुझाच,
बाबा